कमी ऐकू येणाऱ्या बाईंचं ऐकणं

आमच्या घरासमोर एक निवृत्त नर्सबाई राहतात. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते. गल्लीतलं ते एकच ख्रिस्ती घर. दिवाळीला आमचा फराळ तिकडे जातो आणि नाताळात त्यांच्या करंज्या नि केक इकडे येतात. ताटांची ही ये-जा गेली वीसेक वर्षं चालू आहे. पहाटे मी दूध घ्यायला दार उघडते, तेव्हा मावशी ओट्यावर खुर्ची टाकून बसलेल्या असतात. मांडीवर पुस्तक असतं, पण बहुतेक वेळा मिटलेलं. अर्धा तास, कधी पाऊण तास तशाच बसतात.

एकदा न राहवून मी विचारलंच, मावशी, रोज एवढा वेळ काय करता? त्या म्हणाल्या, प्रार्थना. मी म्हटलं, पण तुमचे ओठ तर हलत नाहीत. त्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, अगं, माझं बोलून कधीच झालं, आता त्याचं ऐकते आहे.

खरं सांगते, मनात मला हसू आलं. देवाचं ऐकायचं म्हणजे काय? आमच्या घरी आरती आहे, स्तोत्रं आहेत, नवस आहेत. देवाशी आम्ही बोलतच असतो. तो उलट काय बोलतो, याचा विचार कधी केला नव्हता.

पुढे एक प्रसंग घडला. आमच्या महिला मंडळाचं छोटंसं समुपदेशन केंद्र आहे. मंगळवारी दुपारी मी तिथे बसते. एक तरुण सून आली होती. तिने चार वाक्यं सांगितली आणि मला सगळं समजलं. म्हणजे समजलं असं मला वाटलं! मी तिला कायदा सांगितला, अर्ज कसा करायचा ते सांगितलं, धीर दिला. वीस मिनिटांत प्रकरण निकालात. ती पुन्हा आलीच नाही. बऱ्याच दिवसांनी दुसऱ्या बाईकडून कळलं, की तिला सांगायचं होतं ते वेगळंच होतं. तिथपर्यंत मी तिला पोहोचूच दिलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मावशींच्या ओट्यावर जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि एक जुनं, पातळसं पुस्तक आणून हातात दिलं. पंडिता रमाबाईंचं ‘माझी साक्ष’.

रमाबाई कोणाला माहीत नाहीत? शाळेत आपण सगळ्यांनीच उत्तर लिहिलं आहे. आर्य महिला समाज, शारदा सदन, केडगावचं मुक्ती सदन. बी.ए.ला इतिहासात पुन्हा तेच, दोन पानं जास्त. पण एक गोष्ट मला कोणीच शिकवली नव्हती. रमाबाईंना कानांनी कमी ऐकू यायचं. पंचविशीत त्या डॉक्टर होण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या आणि कानांच्या या अडचणीमुळे तो विचार त्यांना सोडावा लागला. आणि याच बाई सबंध आयुष्यभर एक आवाज ऐकण्यासाठी धडपडत राहिल्या. कधी तो ऐकू आला असं वाटलं, कधी तो आपला नव्हेच असं कळलं. ‘माझी साक्ष’ वाचल्यावर मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. आज त्यांची ती बाजू सांगते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. शास्त्री मंडळींनी विरोध केला, तेव्हा ते संसार घेऊन रानात जाऊन राहिले. आईने पहाटे अंधारात उठवून लहानग्या रमेला संस्कृत शिकवलं. घरकाम सुरू व्हायच्या आधी मुलीच्या वाट्याला येणारा तेवढाच वेळ. त्या वेळातून हजारो श्लोक तोंडपाठ झाले. पुढे आयुष्यभर पहाटेची वेळ बाईंनी सोडली नाही, त्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

मग सुरू झाली भटकंती. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून, देवळांतून पुराणं सांगत हिंडायचं. मिळेल ते दान करायचं, उपास करायचे, अनुष्ठानं करायची आणि देव काही सांगेल, काही देईल म्हणून थांबायचं. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा जवळचं सगळं संपलं. अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. थोरला भाऊ श्रीनिवास आडवा आला. मी मोलमजुरी करीन, असं तो म्हणाला. ब्राह्मण पंडिताच्या मुलाने मजुरी करायची, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्याने बाप पाण्यात गेला नाही, पण फार दिवस जगलाही नाही. १८७४ च्या सुमारास, काही महिन्यांच्या अंतराने, वडील, आई आणि थोरली बहीण कृष्णाबाई गेली.

जाण्यापूर्वी वडिलांनी रमेला जवळ घेतलं. तुला मी देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याची आहेस, त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचं काही ते बोलले. कोणता देव, कुठला, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या मनात त्यांचा विठ्ठल असणार, व्यंकटेश असणार. मुलगी मात्र ते शब्द घेऊन आयुष्यभर शोधत राहिली, की मला ज्याच्या हाती दिलं तो कोण? ख्रिस्ती झाल्यावरसुद्धा ही आठवण त्यांनी टाकून दिली नाही. उलट तिथूनच आपली वाट सुरू झाली असं मानलं.

बहीण-भाऊ पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची मुलगी संस्कृतात घडाघडा बोलते, हे पाहून पंडित चाट पडले. तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या मिळाल्या. तिथेच या दोघांना पहिल्यांदा एका ख्रिस्ती मेळाव्याचं बोलावणं आलं. लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसले. रमाबाईंना वाटलं, ही मंडळी खुर्च्यांची पूजा करतात! पुढे आपला हा गैरसमज त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. तिथे त्यांना संस्कृतातलं बायबलही भेट मिळालं. एवढ्या मोठ्या संस्कृत पंडिता, पण त्या पुस्तकातलं काहीच उमगलं नाही. शब्द कळत होते, बोलणं कळत नव्हतं. हा अनुभव त्या विसरल्या नाहीत, आणि म्हातारपणी त्याचं काय केलं ते पुढे येईलच.

कलकत्त्यातच केशवचंद्र सेनांनी त्यांना वेद वाचायला दिले. बाईमाणसाने वेद वाचायचे नाहीत, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यांनी वाचले. सभेत बोलायचं म्हणून धर्मशास्त्रंही तपासली. बाकी शंभर गोष्टींत या ग्रंथांचं एकमेकांशी जुळत नाही, पण बाई वाईट आणि तिला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही यावर मात्र त्यांचं एकमत आहे, असं त्यांना दिसलं. ते वाचून त्यांचं मन उठलं. आजवर देवाचा आवाज म्हणून जे ऐकलं, पाठ केलं, लोकांना सांगितलं, तो आवाज देवाचा की पुस्तक लिहिणाऱ्या पुरुषांचा? हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा पडला तो इथे. तो शेवटचाही नव्हता.

१८८० मध्ये भाऊ ढाक्याला वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलाशी नोंदणी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. संसार आसामात सिल्चरला. तिथे नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं. एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन बायबल समजावून सांगू लागले. रमाबाई कुतूहलाने ऐकत होत्या, पण त्यांनी उघडपणे ख्रिस्ती व्हावं ही कल्पना नवऱ्याला रुचली नाही. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले. तेवीस वर्षांची विधवा आणि दहा महिन्यांची मुलगी.

इथून पुढचं आपल्याला पाठ आहे. पुण्यात आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढे साक्ष, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक. त्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा करून १८८३ मध्ये त्या लेकीला घेऊन इंग्लंडला निघाल्या. वॉन्टेज गावी साध्वींच्या मठात उतरल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या थंडीत, आपल्या भाषेत बोलणारी एकुलती एक बाई अशी गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

का घेतला, यावर तेव्हापासून आजपर्यंत वाद आहेत. एकटेपणातून घेतला, दडपणातून घेतला, असं म्हणणारे आहेत. त्या स्वतः जे सांगतात ते असं. या साध्वींचं लंडनजवळ फुलहॅमला एक घर होतं. वाटेवरून घसरलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे ठेवत. त्यांना शिक्षा नव्हती, हिणवणं नव्हतं. उलट त्यातल्याच काही जणी सावरून आजाऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी विचारलं, तुम्हाला हे करावंसं का वाटतं? उत्तरादाखल साध्वींनी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, पाच नवरे झालेली, आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी देवाधर्माचं बोलतो. रमाबाई थबकल्या. धर्माचं गूढ ज्ञान अशा बाईला, भर दुपारी, विहिरीवर? त्यांनी आयुष्यभर वाचलेल्या पोथ्यांत हे नव्हतं.

मैत्रिणींनो, इथे माझी समजूत होती की झालं, बाईंना देवाचा आवाज सापडला, गोष्ट संपली. पण खरी गोष्ट इथून सुरू होते.

बाप्तिस्मा झाल्यावर मठाची अपेक्षा होती, की आता धर्मगुरू सांगतील ते ही ऐकेल. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता, त्यांच्यावर माया करणाऱ्या. या दोघींचा पत्रव्यवहार छापलेला आहे आणि तो वाचताना अगदी आपल्या घरातल्या सासू-सुनेचा संवाद वाटतो, माफ करा! रमाबाई मांसाहार करायला तयार नव्हत्या. सिस्टरना त्यात जातीचा ताठा दिसे. क्रूसावर लॅटिन अक्षरं का, माझ्या देशातल्या बायकांना लॅटिन कळत नाही, संस्कृत का नको, असं या विचारत. त्रैक्याचा सिद्धान्त मला अजून पटला नाही, पटल्याशिवाय पटला म्हणणार नाही, असं लिहीत. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या आणि शिकवतही होत्या. तेव्हा त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विषय निघाला. हिंदुस्थानातल्या दोन बिशपांनी ते चालणार नाही म्हणून कळवलं, कारण त्याने तिकडे त्यांचं नाव खराब होईल. बाईंना नवल वाटलं. मी भर सभेत पुरुषांपुढे शास्त्रार्थ करून आले आहे आणि हे मला सांगतात, माझ्या देशात काय चालतं! त्यांनी उत्तर धाडलं त्याचा मतितार्थ असा, की पुरोहितांचं एक जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, आता दुसरं ठेवून घेणार नाही. देव मला सद्‌सद्विवेक देतो, तो कोणाकडे गहाण टाकायला नव्हे.

देवाचं ऐकणं म्हणजे देवाच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाचं ऐकणं नव्हे, हे त्या किती लवकर ओळखून होत्या! आपल्याला तर कोणी वडीलधाऱ्याने, कोणी बुवा-महाराजाने जरा मोठ्या आवाजात सांगितलं की तोच देवाचा कौल वाटतो.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथेच जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. भाषणं दिली, १८८७ मध्ये इंग्रजीत ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ लिहिलं, बालविधवांच्या शाळेसाठी बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. दहा वर्षांच्या खर्चाची हमी मिळाली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. अण्णासाहेब कर्व्यांशी पुनर्विवाह करणाऱ्या आनंदीबाई, म्हणजे मूळच्या गोदूबाई, याच शारदा सदनाच्या विद्यार्थिनी.

म्हणजे तेहेतिसाव्या वर्षी बाईंकडे सगळं होतं. नाव, काम, पैसा, धर्म. आणि नेमकं तेव्हाच, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवलं की आतून आपण कोरड्या आहोत. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा माणूस धर्मोपदेशक होऊन बरीच वर्षं लोटल्यावर स्वतः बदलला होता. ते वाचून बाईंना उमजलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. आठ वर्षं त्या मतं तपासत होत्या, सिद्धान्त तोलत होत्या, वाद घालत होत्या. आवाज ऐकायला जी शांतता लागते, ती त्या स्वतःला देतच नव्हत्या. हे त्यांनी इतक्या सरळपणे कबूल केलं आहे, की मला माझा तो मंगळवार आठवला. मीही सगळं बरोबरच बोलले होते. कायदा बरोबर, अर्जाचा नमुना बरोबर.

त्यानंतरच्या रमाबाई वेगळ्या दिसतात. वाद कमी, बसणं जास्त. पहाटे उठायचं, बायबल वाचायचं, गप्प राहायचं. मनात काही आलं, तर लगेच उठून करायचं नाही. ते ग्रंथाशी जुळतं का बघायचं, परिस्थिती वाट देते का बघायचं आणि आपली सोय त्यात दडलेली नाही ना, हेही बघायचं. हे मी माझ्या शब्दांत सांगते आहे. त्यांनी असे काही नियम लिहून टांगले नव्हते.

या बदलाची किंमतही द्यावी लागली. शारदा सदनात धर्म शिकवणार नाही, असं वचन त्यांनी दिलं होतं. त्या स्वतः मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करत, पण दार उघडं ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे त्यांचे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, वीसहून जास्त मुलींना घरच्यांनी काढून नेलं. बाईंचं म्हणणं होतं, की मी कोणाला बोलावलं नाही, पण माझ्या देवाशी बोलताना दार लावून घेणार नाही. मला दोन्ही बाजू कळतात. ज्यांनी विश्वासाने आपली विधवा मुलगी पाठवली, त्या बापाचं काळीज धसकलं असणार. रानड्यांसारखा माणूस उगीच दूर होत नाही. पण मुली तरी का जाऊन बसत होत्या? चोवीस तास अपशकुनी म्हणून घ्यायची सवय झालेल्या पोरींना कोणीतरी तुझं ऐकणारा देव आहे असं म्हणताना ऐकू आलं, तर त्या दाराशी घुटमळणारच.

आता लोणावळ्याची गोष्ट. ती वाचून मी एकटीच हसले. तिथे ख्रिस्ती मंडळींचा प्रार्थना मेळावा होता. बाई आपल्याकडच्या ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या. एका पहाटे रानात एकट्याच प्रार्थनेला गेल्या. पंधरा मुलींबद्दल आभार मानले आणि मनात आलं, की देवाकडे या आकड्याचा वर्ग मागावा. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस! वर्षभरात! पन्नासेक मुलींच्या शाळेत एवढ्या आणायच्या कुठून? बाई स्वतःच चकित झाल्या. हा आवाज देवाचा की आपल्याच हौसेचा? त्यांनी बायबल उघडलं. यिर्मयाच्या पुस्तकातलं, देवाला काही अवघड आहे काय अशा आशयाचं वचन समोर आलं. त्यांनी ते टिपून ठेवलं आणि परत येऊन नेहमीच्या कामाला लागल्या. कोणाला गोळा करायला निघाल्या नाहीत.

१८९६ च्या अखेरीला मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या. बाईंनी आधी कानावर हात ठेवले, हे त्यांनी लपवलेलं नाही. पैसा नाही, जागा नाही, बोस्टनची दहा वर्षांची मुदत संपत आलेली. सबबी सगळ्या खऱ्या होत्या. पण दुष्काळ हा शब्द त्यांना नवा नव्हता. रानात पाला खाऊन काढलेले दिवस, वडिलांची जलसमाधीची तयारी, आईचं जाणं, सगळं वर आलं. तुला तेव्हा कोणी वाचवलं, आणि कशासाठी? हा प्रश्न काही केल्या हटेना. त्या निघाल्या. सरकारी अन्नछत्रांत, धर्मशाळांत, रस्त्याकडेला बसलेल्या हाडाच्या सापळ्यांतून त्यांनी मुली उचलल्या. त्यांच्याभोवती दलाल कसे टपलेले होते तेही पाहिलं. त्या वयात आपल्यासोबत निदान भाऊ होता, या पोरींना कोणी नाही, हे त्यांना दिसलं. थोड्याच महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली त्यांच्याकडे आल्या. दोनशे पंचवीसचा आकडा मागे पडला, पण असा मागे पडेल हे लोणावळ्याच्या रानात कोणाला माहीत होतं?

पुण्यात प्लेगची साथ. नव्या मुलींना शहरात ठेवायला सरकारने मनाई केली. शाळेला फळझाडांचं उत्पन्न मिळावं म्हणून केडगावला शंभरेक एकर जमीन आधीच घेतलेली होती. तिथे तंबू ठोकले, झोपड्या बांधल्या, विहिरी खणल्या. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आपण बचत गटाच्या वीस बायकांची सहल काढताना टेकीला येतो. इथे दोन हजार जणींचा रोजचा स्वयंपाक, कपडे, औषधपाणी, शाळा! विणकाम, छापखाना, शेती, अंध मुलींसाठी ब्रेल, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन. फुलहॅमचं ते घर बाईंनी शेवटी केडगावला आणलंच.

या सगळ्यात एक प्रसंग मला पचायला जड गेला. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी पहाटेची प्रार्थना सुरू केली. सत्तरेक जणी होत्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. जूनच्या अखेरीला एका संध्याकाळी बाई योहानाचं शुभवर्तमान शिकवत असताना मुली एकदम मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडणं, आपली पापं कबूल करणं, सगळ्या एकाच वेळी. इतका कल्लोळ, की बाईंना शिकवणं थांबवावं लागलं. हे दिवसेंदिवस चाललं. बाहेर टीका झाली, गोऱ्या मिशनऱ्यांतही नाकं मुरडली गेली. शिस्तीत, हळू आवाजात प्रार्थना करायची सोडून हा कसला गोंधळ?

रमाबाईंनी काय केलं? त्या स्वतः त्या कल्लोळात वाहून गेल्या नाहीत. पण मुलींना गप्पही केलं नाही. आपल्या देशातल्या बाया आपल्या रीतीने देवाला हाक मारतील, ती विलायती चालीत बसलीच पाहिजे असं नाही, ही त्यांची भूमिका. देव या मुलींशी बोलला की नाही हे आवाजावरून ठरवायचं नाही, उद्या त्या भांडण मिटवतात का, चोरी कबूल करतात का, दुसरीची घाण काढतात का, यावरून बघायचं. आणि मला एकदम सुचलं, की आयुष्यभर ज्यांना तोंड मिटून राहायला शिकवलं, त्यांचं देवापुढचं पहिलं बोलणं हळू आवाजात कसं असेल? मावशींसारखं शांत बसून ऐकणं त्यानंतरचं असेल. आधी साठलेलं बाहेर तर पडू दे.

आणि आता कलकत्त्यातलं ते न कळलेलं बायबल. पन्नाशीला टेकलेल्या रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. मराठीत बायबल होतं, पण त्याची भाषा केडगावच्या शेतात राबणाऱ्या बाईला पेलणारी नाही, असं त्यांचं मत. देव बोलत असेल तर तो तिला कळेल असा बोलला पाहिजे! मूळ भाषांवरून शब्दाला शब्द लावत त्यांनी एकटीने सगळं बायबल मराठीत आणायचं ठरवलं. दिवसाचं काम आटोपून, वर्षानुवर्षं. हिब्रूचं व्याकरणही मराठीत लिहिलं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या मुली दुष्काळातून आणलेल्या. हे भाषांतर आज वाचताना मधूनच अडखळायला होतं. मूळ शब्द न सोडण्याचा हट्ट फार. पण बाईंच्या त्या हट्टाचं मला कौतुक वाटतं. ज्या मुलीने वेद वाचू नयेत असं जगाने सांगितलं, ती आता देवाचा शब्द मूळातून तपासून पाहत होती आणि अंगठेबहाद्दर म्हणून आलेल्या पोरींच्या हातून तो छापून घेत होती.

१९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. चाळीस वर्षांची. आईनंतर मुक्ती तीच सांभाळणार, असं सगळे धरून चालले होते. रमाबाईंच्या आयुष्यातलं हे शेवटचं माणूस. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. यावर देव त्यांना काय बोलला असेल, बोलला तरी असेल का, मला कळत नाही. त्यांच्या कानांना तर आता फारच थोडं ऐकू येत होतं. एवढंच माहीत आहे, की त्यांनी भाषांतर थांबवलं नाही. पुढचे आठ-नऊ महिने त्या मुद्रितं तपासत होत्या. ते काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला पहाटेच्या झोपेत त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं.

केडगाव पुणे-दौंड मार्गावर आहे. आपल्यापैकी कितीतरी जणी नारायण महाराजांच्या दत्तदर्शनाला तिथे जाऊन आल्या असतील. मीही गेले होते, आणि त्याच गावात मुक्ती मिशन आहे हे तेव्हा लक्षातही आलं नव्हतं. येत्या थंडीत मावशींना घेऊन जायचं ठरवलं आहे.

पुस्तक परत करायला गेले तेव्हा मावशी नेहमीसारख्या ओट्यावर होत्या. मला खूप काही विचारायचं होतं. त्यांनी नुसता हाताने बाजूचा पाट दाखवला. मी बसले. पाच-सात मिनिटं बरी गेली. मग मनात गॅसवरचं दूध आलं, मुलाचा डबा आला, आणि मग ती सून आली, मंगळवारची, चार वाक्यं बोलून थांबलेली. तिच्या माहेरचा पत्ता केंद्राच्या वहीत आहे.